बॉल कॉक घेताना बॉल नव्हे, भोक बघा

टाकी भरली की पाणी आपोआप बंद करतो तो बॉल कॉक. हार्डवेअरच्या दुकानात ‘अर्धा इंची बॉल कॉक द्या’ म्हटलं की काउंटरवर तीन नग येऊन पडतात. एक पितळी, लांब दांडीचा, प्लास्टिकच्या बॉलचा. दुसरा घडणीने तसाच, पण अख्खा प्लास्टिकचा, किमतीला निम्म्याहूनही कमी. तिसरा दिसायलाच वेगळा: लांब दांडी नाही, गोल बॉल नाही, मुठीएवढ्या डबीत सरळ वरखाली होणारा छोटा फ्लोट. गिऱ्हाईक पितळी नग हातात घेऊन वजन बघतं, बॉल दाबून बघतं आणि दुकानदाराला विचारतं, ‘टिकेल ना?’ प्रश्न बरोबर आहे, पण टिकणं त्या दोन गोष्टींवर फारसं ठरत नाही. ते ठरतं पाणी वॉशरला कोणत्या दिशेला ढकलतंय आणि त्याच्या उलट ढकलायला बॉलकडे किती जोर उरतोय यावर.

आधी नेहमीचा दांडीवाला घेऊ. याचं काम एका ओळीचं आहे: पाणी बॉलला वर ढकलतं, दांडी त्या जोराला आडवं वळवते आणि दट्ट्याच्या टोकाचं वॉशर नळीच्या भोकावर दाबलं जातं. त्याच वेळी लाइनमधलं पाणी वॉशरला उलट, म्हणजे उघडायच्या दिशेला ढकलत असतं. टाकी भरल्यावरचे सगळे तास ही रेटारेटी चालू असते. बॉल हरला की ओव्हरफ्लो.

दोन्ही बाजूंचा हिशेब काढता येतो आणि तो विकत घेण्याआधीच काढावा. साडेचार इंची (115 मिमी) बॉलचं आकारमान सुमारे 800 घन सेंमी. तो निम्मा बुडाला की 400 ग्रॅम पाणी बाजूला सारतो, म्हणजे 400 ग्रॅमची उचल मिळते. हा आर्किमिडीजचा नियम. त्यातून बॉलचं स्वतःचं वजन आणि दांडीच्या वजनाचा वाटा मिळून 120 ग्रॅम वजा करा. उरले 280. टेकूपासून बॉलच्या मध्यापर्यंत 300 मिमी आणि टेकूपासून दट्ट्याला ढकलणाऱ्या टोकापर्यंत 25 मिमी असेल, तर तरफ 12 पट. म्हणजे वॉशरवर साधारण 3.4 किलोचा जोर. टेकूच्या खिळीतल्या घर्षणात थोडा जातो, तो वेगळा.

आता समोरचा, पाण्याचा जोर. लाइनच्या दर 10 मीटर उंचीला दर चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब धरायचा. आत वॉशर ज्या भोकावर बसतं, ते 10 मिमीचं असेल तर त्याचं क्षेत्रफळ 0.785 चौ. सेंमी. गच्चीची टाकी डोक्यावर तीन मीटर असेल तर पाण्याचा उलटा जोर जेमतेम पाव किलो. सात मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर, जिथे गच्चीपासून वीस मीटरची उतरण मिळते, तिथे दीड किलोच्या पुढे. उंच टॉवरमध्ये साठ मीटरचा दाब प्रेशर रिड्यूसर (दाब कमी करणारा व्हॉल्व्ह) न लावता थेट आला तर 4.7 किलो. इथे निम्मा बुडालेला बॉल पुरत नाही, त्याला जवळपास दोन-तृतीयांश बुडावं लागतं. भोक 12 मिमीचं असेल तर तोच आकडा 6.8 किलोवर जातो, बॉल जवळजवळ अख्खा पाण्याखाली जातो आणि वॉशर नीट दाबून बसायला लागणारा वरचा जोर फारसा उरत नाही.

बॉल अख्खा बुडाल्यावर पाणी आणखी चढलं तर उचल वाढत नाही. बॉलच्या तळावर दाब वाढतो तसा माथ्यावरही वाढतो, फरक तेवढाच राहतो. म्हणून ‘पाणी अजून चढलं की होईल बंद’ ही आशा बॉल पूर्ण बुडेपर्यंतच खरी. त्यानंतर पाणी फक्त ओव्हरफ्लो पाइपाची वाट बघतं.

म्हणजे एकाच इमारतीत, एकाच दुकानातून घेतलेला एकच बॉल कॉक सातव्या मजल्यावर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो आणि पहिल्या मजल्यावर सहा महिन्यांत ठिबकायला लागतो. दोष बहुतेक वेळा नगाचा नसतो. पितळी फ्लोट व्हॉल्व्हसाठी भारतीय मानक आहे, आयएस 1703, आणि त्यात जास्त दाबाचे व कमी दाबाचे असे वेगळे प्रकार धरलेले आहेत. दुकानात मात्र विचारणारा विरळाच, त्यामुळे जे पडलेलं असेल ते दिलं जातं. नग हातात घेऊन मागच्या, म्हणजे पाइप जोडायच्या बाजूने आत बघा. पाइपाचा आटा (स्क्रूसारखे पेच) अर्धा इंचीच असतो, पण आतलं भोक पाच-सहा मिमीचंही असू शकतं किंवा दहा-बाराचंही. सहा मिमीच्या भोकाचं क्षेत्रफळ 0.28 चौ. सेंमी, त्यामुळे साठ मीटरच्या दाबालाही पाण्याचा जोर 1.7 किलोवरच थांबतो आणि निम्मा बुडालेला बॉल सहज जिंकतो.

मग सगळ्यांनी लहान भोकच का घेऊ नये? भरायला लागणारा वेळ. तीन मीटरच्या उतरणीत 10 मिमीच्या भोकातून, पाइपातलं घर्षण सोडून दिलं तर, मिनिटाला वीसेक लिटर पाणी येऊ शकतं; 6 मिमीतून आठच्या आत. माळ्यावरची 200 लिटरची टाकी मोठ्या भोकातून दहा मिनिटांत भरते, लहान भोकातून पंचवीस मिनिटांत. जिथे नगरपालिकेचं पाणी दिवसातून तासभर आणि तेही बारीक धारेने येतं, तिथे लहान भोक घेणं म्हणजे हातचं पाणी घालवणं. तिथे मोठं भोकच हवं, आणि दाब मुळातच कमी असल्याने ते बंदही नीट होतं.

बॉलचा आकार बिनमहत्त्वाचा आहे असं नाही. आकारमान व्यासाच्या घनाने वाढतं, त्यामुळे साडेचारऐवजी पाच इंची बॉल लावला तर उचल 37 टक्क्यांनी वाढते. दांडी तीन इंचांनी लांबवली तर मिळतात 25 टक्के. दोन्ही उपाय चालतात, पण जास्तीचा सगळा भार त्या एका खिळीवर आणि दांडीच्या मुळाशी असलेल्या आट्यावर येतो. स्वस्त नगात दांडी तिथेच मोडते.

आता सर्रास होणारी चूक. टाकीतली पातळी खाली आणायची असली की प्लंबर दांडी वाकवतो. यात दिशेचं गणित आहे आणि ते फार थोडे जण करतात. पाण्याची उचल नेहमी सरळ वर असते, दांडी कशीही असो. त्यामुळे तरफेत मोजायचं ते दांडीच्या लांबीचं नव्हे, तर टेकूपासून बॉलपर्यंतच्या आडव्या अंतराचं. दांडी बंद अवस्थेत आडवी असेल तर 300 मिमी पूर्ण मिळतात. तीस अंश खाली झुकलेली असेल तर 260. पंचेचाळीसला 212. साठला फक्त 150, म्हणजे जोर निम्मा.

बॉल दहा सेंटिमीटर खाली हवा असेल तर दोन मार्ग आहेत. बॉलजवळचा शेवटचा दहा सेंटिमीटरचा तुकडा काटकोनात खाली वळवला तर आडवं अंतर 200 मिमी उरतं. त्याऐवजी मुळाजवळ, आट्यापासून दीड-दोन इंच सोडून, जेमतेम वीसेक अंशांचा सौम्य बाक दिला तर 280 मिमीच्या पुढे उरतं. पातळी दोन्हीत तेवढीच, जोर मात्र पहिल्या मार्गात एक-तृतीयांशाने कमी. तरीही बहुतेक टाक्यांत बॉल काटकोनात लटकलेला दिसतो, कारण दांडीचं टोक वाकवायला सोपं असतं. वाकवताना आट्याशी पान्हा धरून बाक दांडीतच पडेल असं बघा, नाहीतर पितळी खाच पसरते आणि दट्ट्या वाकडा ढकलला जातो. ज्या नगात दांडी स्क्रू सैल करून वरखाली करता येते, तो थोडा महाग असला तरी घ्यावा. वाकवायची वेळच येत नाही.

बसवताना भिंतीकडेही लक्ष द्या. सिमेंटच्या टाकीत बॉल कॉक भिंतीत घट्ट असतो. प्लास्टिकच्या टाकीची भिंत पातळ आणि लवचीक. बॉल वर ढकलला गेला की अख्खा कॉक किंचित तिरका होतो, बॉलची चाल भिंत वाकवण्यात खर्च होते आणि वॉशर उशिरा बसतं. आत-बाहेर दोन्हीकडे चेकनट, आतून रबरी वॉशर आणि शक्य असेल तर तळहाताएवढी प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीला आधार म्हणून लावली की हा ढिलेपणा जातो. बाहेरच्या पाइपाला टाकीपासून फूटभरात क्लँप हवाच. पाइपाचं वजन कॉकवर लटकलं तर टाकीचं भोक हळूहळू लांबट होतं आणि मग टेफ्लॉन टेपचे कितीही वेढे दिले तरी गळती थांबत नाही.

बॉल भिंतीला घासतोय का, हेही तपासा. पाणी बॉलला बाजूनेही ढकलतं, पण सगळ्या बाजूंनी सारखंच, त्यामुळे ते आपसांत मिटतं. भिंतीची घसट तशी मिटत नाही, ती बॉलच्या चालीच्या उलट दिशेला लागते. गोल टाकीत दांडी मध्याकडे तोंड करून असावी, भिंतीला समांतर नको. दांडी हाताने तळापासून माथ्यापर्यंत फिरवून बॉल, ओव्हरफ्लो पाइप आणि झाकणाची कड यांच्यात चारही बाजूंनी दोन बोटं जागा राहते का बघा. झाकणाला टेकणारा बॉल पूर्ण वर जातच नाही.

येणारी धार बॉलजवळ पडत असेल तर पाणी हिंदकळतं, बॉल नाचतो आणि वॉशर सेकंदाला दोन-तीनदा उघडझाप करतं. पाइपातून ठक-ठक आवाज येतो तो याचाच. यावर धारेला पाण्याखाली नेणारी नळी जोडायचा सल्ला मिळतो. आवाज थांबतो, पण लाइन रिकामी होऊन आत ओढ निर्माण झाली तर टाकीतलं पाणी उलटं पाइपात खेचलं जातं. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं, म्हणजे लाइन रोजच रिकामी होते. नळीचं टोक भरलेल्या पातळीच्या वर ठेवून धार भिंतीवरून घरंगळू द्यावी, हे बरं.

पितळी की प्लास्टिक? गच्चीवरच्या उन्हात तापणाऱ्या टाकीत पितळी, यात दुमत नको. पूर्ण प्लास्टिकच्या नगात टेकूची खिळी आणि खाच झिजते, दट्ट्या डुगडुगतो आणि वॉशर तिरकं बसतं. घरातल्या माळ्यावर, कमी दाबाला आणि नळाला बोअरचं क्षार असलेलं पाणी असेल तर प्लास्टिकचा नग उलट बरा चालतो, कारण पितळी दट्ट्या पितळी नळीत क्षार धरून अडकतो. अडकलेला पितळी दट्ट्या फेकू नये. खिळी काढून दट्ट्या तासभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवला, जुन्या ब्रशने घासला की मोकळा होतो. पितळी नगात कोटर पिन, म्हणजे टेकूची खिळी, कशाची आहे हे मात्र लोहचुंबक लावून बघा. चिकटली तर लोखंडी. क्लोरीनच्या पाण्यात ती गंजते, एक दिवस तुटते आणि दांडीसकट बॉल पाण्यात तरंगत बसतो, वर पाणी धो धो. पितळी पिन काही रुपयांची आहे, घेतानाच बदलून मागा.

बॉल स्वतः विकत घेताना हलवून कानाशी धरा. बॉलसाठीही वेगळं मानक आहे, आयएस 9762. गळका बॉल बहुतेक वेळा दोन अर्ध्या वाट्यांच्या सांध्यातून किंवा दांडीच्या आट्यातून पाणी पितो. आत 100 मिली पाणी शिरलं तर वॉशरवरचा जोर बारा पटीने, म्हणजे 1.2 किलोने घटतो. बाहेरून बॉल ठणठणीत दिसतो, फक्त जरा खोल बसतो. म्हणून बसवायच्या आधी बॉलवर पक्क्या पेनने मध्यरेषा आखून ठेवा. टाकी भरून पाणी बंद झाल्यावर रेषा पाण्याच्या वर किंवा पाण्यालगत असेल तर सगळं ठीक. रेषा बुडालेली आणि पाणी तरी ठिबकतंय, तर क्रमाने बघायचं: बॉलमध्ये पाणी, दांडीचा जास्तीचा बाक, वॉशरवर खोल गेलेली गोल खाच, आणि शेवटी भोकाच्या कडेला पडलेले खड्डे. वॉशर उलटं करून एकदा वापरता येतं. कडेला खड्डे पडले असतील तर नग बदला, घासून फायदा नाही.

आता तिसरा, डबीवाला. ऑनलाइन खूप खपतो आणि त्याची तारीफ आहे ती खरी आहे, पण अटीसह. यात पाणी उलट ढकलत नाही, बंद करायच्या दिशेला ढकलतं. आत एक रबरी पडदा असतो. त्याच्या मागच्या खोलीत एका बारीक छिद्रातून लाइनचं पाणी शिरतं. खोलीला बाहेर जायला दुसरं छोटं छिद्र असतं, तेवढंच फ्लोटने बंद करायचं. ते बंद झालं की मागच्या खोलीत लाइनइतकाच दाब तयार होतो. पडद्याच्या मागे तो अख्ख्या क्षेत्रफळावर लागतो, पुढे फक्त भोकाबाहेरच्या कड्यावर. फरक मागच्या बाजूने, म्हणून पडदा घट्ट बसतो. दाब जितका जास्त तितका जास्त घट्ट. एक मिमीच्या छिद्रावर साठ मीटरचा दाबही पन्नास ग्रॅमच्या आतच भरतो, त्यामुळे तो छोटा फ्लोट पुरतो. उंच इमारतीत, पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर, अरुंद टाकीत याला तोड नाही. शिवाय तो शेवटपर्यंत पूर्ण धार देतो आणि मग एकदम बंद होतो, दांडीवाल्यासारखा शेवटच्या दोन इंचांसाठी अर्धा तास टिपटिपत नाही.

अट अशी की बंद करणारा जोर पाण्याच्या दाबातूनच येतो, आणि दाबच नसेल तर जोरही नाही. गच्चीची टाकी माळ्याच्या टाकीपेक्षा मीटरभरच वर असेल, किंवा नळाला नुसती करंगळीएवढी धार असेल, तर पडदा सैल बसतो आणि पाणी झिरपत राहतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर हा घेऊ नये.

दुसरी अडचण गाळाची. पडद्यातलं बारीक छिद्र बुजलं तर मागची खोली भरत नाही, पडदा बसत नाही, टाकी वाहते. फ्लोटखालचं छिद्र बुजलं तर उलट होतं: कॉक उघडतच नाही आणि घरात पाणी नाही. लक्षणावरून कुठे साफ करायचं ते कळतं. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आधी तोंडावरची जाळी काढून धुवा, ती नसेल तर नग परत करा. बोअरच्या क्षारांना हा प्रकार मुळीच सहन करत नाही. झटक्याने बंद होत असल्याने लांब, सैल पाइपात धक्क्याचा आवाजही हा जास्त करतो, तेव्हा क्लँप जवळजवळ मारा. फ्लोट सरळ वरखाली सरकतो, म्हणून डबी ओळंब्यात बसली पाहिजे. तिरकी बसली तर फ्लोट एका कडेला घासून अडकतो आणि मग तक्रार ‘माल खराब’ अशी येते.

जमिनीखालच्या टाकीसाठी एक इंच किंवा त्याहून मोठा कॉक लागतो. तिथे साधा दांडीवाला घेतला तर भोकाच्या क्षेत्रफळामुळे फुटबॉलएवढा बॉल लागेल. अशा मापात दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पाण्याचा दाब पोचवून त्याचा जोर मिटवलेले नग मिळतात. महाग असतात, पण सोसायटीने तेच घ्यावेत.

आणि खालच्या टाकीतून मोटरने वर पाणी चढवत असाल तर वरच्या टाकीत यातला एकही लावून मोटर ‘आपोआप बंद होईल’ असं समजू नका. कॉक बंद झाला तरी मोटर फिरतच राहते, तेच पाणी पंपात घुसळून तापतं आणि सील जातं. तिथे वायरचा फ्लोट स्विच लागतो. त्यात फ्लोट कलला की आतली गोळी घरंगळून स्विच दाबते. वायरवरच्या वजनापासून फ्लोटपर्यंत जितकी वायर मोकळी सोडाल, तितकं चालू आणि बंद पातळीतलं अंतर. 15 सेंटिमीटर सोडली तर मोटर सारखी चालू-बंद होते. 30 ते 40 सोडा आणि फ्लोट फिरताना भिंतीला किंवा बॉल कॉकच्या दांडीला अडकत नाही ना ते टाकी रिकामी असतानाच हाताने फिरवून बघा, मोटरचा मेन स्विच बंद ठेवून.